लिसन टूला दिली

मुक्काम प्रकाशा,
जूनचा पहिला आठवडा

प्रिय अस्मा,

हे पत्र तुला तुझ्या अम्मीच्या, माझ्या अकिलाचाचीच्या हातून मिळेल, बहुतेक बांगड्यांच्या पेटीतून आणि थोडं चुरगळलेलं. टपालात टाकलं असतं, पण आपल्या गावचा पोस्टमनसुद्धा नानांचाच विद्यार्थी. पाकिटावर एखादं इंग्रजी अक्षर दिसलं की सरांना वाचून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. फोनही करता येत नाही. माझा फोन सासरी, धीरजच्या कपाटात आहे. घरातला एकुलता एक फोन नानांच्या उशाशी असतो, आणि डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यापासून तुझ्या सरांचे कान असे झालेत की दूध उतू जायच्या आधी त्यांना ऐकू येतं. म्हणून हा जुना मार्ग. नंदुरबारला तू एकटी राहतेस, तेव्हा निवांत बसून वाच, आणि वाचून झाल्यावर अम्मीला फोन करून रडत बसू नकोस. तिला बरंचसं माहीत आहे.

मी आखाजीच्या सणाला माहेरी आले ती अजून इथंच आहे. आखाजी सरली, कडुनिंबावरचा झोका सोडला की आलेल्या लेकींनी सासरची वाट धरायची, हा आपल्याकडचा रिवाज. यंदा झोका केव्हाच सुटला. गल्लीतल्या पोरी आपापल्या घरी गेल्या, आंबे संपत आले, आणि मी आहे तिथंच. नळावर गेलं की कुणीतरी विचारतंच, काय गं काजल, यंदा मुक्काम लांबला? मी हसून सांगते की नानांना दिसत नाही, शिकवणी कोण घेणार? यात खोटं काही नाही, अस्मा, पण खरंही फारसं नाही.

शिकवणी मात्र खरंच मी घेते. तीच पुढची खोली, तोच फळा, त्याचा कोपरा अजून तसाच उडालेला. नाना खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असतात आणि कान माझ्याकडे. आणि शिकवण्याची पद्धतही तीच. तू नंदुरबारच्या तुझ्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत ती वापरतेस की नाही कोण जाणे, तिथल्या आयांना आवडायची नाही. पण इथं अजून फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचा आणि विचारायचं, "लिसन कोठे दिनी?" की सगळा वर्ग ओरडतो, "टूले दिनी!" डिपेंड ऑनच्या घरात, अफ्रेड ऑफच्या घरात, गुड ॲटच्या घरात. नाना सांगायचे ते तुला पाठच असेल. मराठीत शब्दाचा प्रत्यय त्याच्या कडेवरच बसलेला असतो, वेगळा शोधावा लागत नाही. इंग्रजीत शब्दाला दुसऱ्याच्या दारात नेऊन पोचवावं लागतं. आपण म्हणतो ना, अमक्याची मुलगी शहाद्याला दिली, तमक्याची तळोद्याला दिली. तसंच. कुठली कुठं दिली हे साहेबाच्या आजोबा-पणजोबांनी ठरवून ठेवलंय, आपण कारण विचारायचं नाही, घर लक्षात ठेवायचं. दुसऱ्या गावची पोरं 'मॅरीड विथ' म्हणून मार्क घालवायची, कारण आपण 'त्याच्याशी लग्न झालं' म्हणतो. प्रकाशाचं पोर कधी चुकलं नाही. मॅरीड टूला दिली, विषय संपला. भाकरी थापता थापता आतून आईसुद्धा पुटपुटायची.

आणि 'डिस्कस' आठवते? सगळी पोरं तिला 'अबाउट' लावायची आणि नाना खवळायचे. डिस्कस कुंवारी शे, तिला कुणाच्या घरी पोचवू नका. तेव्हा तू उभी राहून विचारलं होतंस की सर, मग तिचं चालतं कसं? नाना हसले होते. म्हणाले होते, तिचं उत्तम चालतं, ती थेट कामाला लागते. त्या दिवसापासून तुझं नाव डिस्कस पडलं, आणि तूही त्या नावाला जागलीस. तुला स्थळं आणून आणून सलीमचाचा थकले, तू आपली थेट कामाला. मी मात्र शहाण्या मुलीसारखी पोचवली गेले.

धीरज त्याच वर्गात बसायचा, आपल्याहून मोठ्या मुलांच्या रांगेत, खिडकीजवळ. शहाद्याच्या पलीकडून सायकलनं यायचा. केळीचे मळे, ट्रॅक्टर, दारात दोन गाड्या असलेल्या घरातला मुलगा मास्तरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसतो, याचंच नानांना केवढं कौतुक. शिवाय तो कधीच चुकला नाही. नाना कुठलाही शब्द टाकोत, याचं उत्तर तयार. माझ्या लग्नाचं निघालं तेव्हा नानांनी पत्रिका पाहिली नाही, जमीन पाहिली नाही. मी त्याला लहानपणापासून पारखलंय, एवढंच म्हणाले. नानांची सगळी हयात पोरांची उत्तरं तपासण्यात गेली. ज्याचं उत्तर बरोबर तो मुलगा बरोबर, याच्या पलीकडे त्यांना बघता येत नाही. मलाही तेव्हा आलं नाही. मला तो आवडलाच होता, हेही तुला ठाऊक आहे, लपवून काय करू.

धीरज वाईट नाही असं सगळे म्हणतात, आणि सगळ्यांशी तो वाईट नाहीच. मजुरांच्या पोरांना वह्या देतो, देवळाला वर्गणी देतो, म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडतो. माझ्या मात्र चुका काढतो. आधी भाजीतलं मीठ, मग माझं हसणं, मग मी गड्याशी बोलताना पदर कुठं होता, मग मी आईला फोन किती वेळ करते. चूक सापडली की त्याचा चेहरा शांत होतो. ओरडत नाही गं तो. तू ओरडणाऱ्या नवऱ्याची कल्पना करशील आणि ती चुकेल. तो जवळ येतो, मनगट धरतो, आणि सावकाश समजावत राहतो, आणि समजावता समजावता पिळतो. मला शहाद्यातल्या एका शाळेतून मुलाखतीला बोलावलं होतं. ते त्याला बाहेरून कळलं. त्या दिवशी त्यानं समजावणं जरा लांबवलं. डॉक्टरांना आम्ही दोघांनी सांगितलं की मोरीत पाय घसरला. नानांनाही तेच सांगितलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. आता फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलत नाही, म्हणून मी फळ्याच्या मध्यापासून सुरुवात करते. पोरांना वाटतं बाई बुटक्या आहेत.

आखाजीला मला आणायला नाना स्वतः आले, एसटीनं, काठी आपटत. त्यांचा हात धरून मीच त्यांना गावात आणलं म्हण. दुसऱ्या दिवशी तुझी अम्मी पेटी घेऊन दारात आली. लेकी आल्यात म्हटल्यावर ती आमच्याकडे सगळ्यात आधी येते, तुझ्या नावानं मला दोन बांगड्या जास्त भरते. माझा उजवा हात घेतला आणि नेहमीच्या मापाची बांगडी चढवायला लागली. ती हाडाशी अडली. मी ओरडले नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. चाचीनं बांगडी काढली, हात आपल्या मांडीवर ठेवला, आणि मोठ्या मापाच्या शोधायला लागली. आई समोरच बसली होती. तिनं माझा हात पाहिला, मग चाचीकडे पाहिलं, मग उठून आत गेली. आत भांडं पडल्याचा आवाज आला. तिच्या हातून भांडं पडलेलं मी याआधी ऐकलेलं नाही.

त्याच संध्याकाळी आईनं माझ्याकडून खरं काय ते काढून घेतलं आणि माझ्यादेखत नानांना सांगितलं. मला वाटलं, आता उठतील, काठी घेतील, काहीतरी करतील. त्यांनी विचारलं की हाड मोडण्याइतकं किती वेळा झालं? मी म्हटलं, एकदाच. एकदा होतं रागाच्या भरात, म्हणाले. मग त्यांनी धीरजला फोन लावला. धीरज फोनवर रडला. मी ते रडणं ऐकलं, खोटं नव्हतं. मला तर ते पाठ आहे, रडून झाल्यावर तो पेढे आणतो. पण नानांना ते पुरलं. त्यांच्या वर्गात एखाद्या पोरानं चूक कबूल केली की ते पूर्ण मार्क द्यायचे ना, तसेच त्यांनी त्याला देऊन टाकले.

तरी मी महिनाभर राहिले, कारण कुणी जा म्हणालं नाही. पहाटे उठायचं, आईबरोबर कामं उरकायची, दुपारी शिकवणी. मला वाटायला लागलं होतं की असंच चालेल. नाना विसरले असतील, किंवा विसरल्यासारखं करत असतील. त्यांना ते जमेल असं मी का मानलं, कळत नाही. आणि मग 'डिफरंट'चा दिवस आला. हे मी तुलाच सांगू शकते, दुसरं कुणी हसेल.

मी फळ्यावर 'डिफरंट' लिहिलं आणि विचारलं, कोठे दिनी? अर्धा वर्ग म्हणाला, फ्रॉमले. पुढच्या रांगेतली एक ठसकेबाज पोरगी आहे, ती म्हणाली की बाई, सुरतेच्या मामाकडे पोरांना 'दॅन' शिकवलंय आणि मोबाइलवरची बाई तर 'टू' म्हणते. मी अडकले. मागं वळून पाहिलं तर नाना खाटेवर उठून बसलेले. म्हणाले, पुस्तकात फ्रॉमला दिलेली आहे, तेच लिहा. पण लोक टूही म्हणतात, दॅनही म्हणतात, आणि चांगले शिकलेले लोक म्हणतात. वापर बदलतो. दुसऱ्या कुणी तसं लिहिलं तर फुली मारू नका. अस्मा, आपण पाच वर्षं त्यांच्यापुढे बसलो. फुली मारू नका, हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. मला वाटलं, ते माझ्याशीच बोलतायत. पोरांच्या आडून मला सांगतायत की राहा. उरलेला तास मी काय शिकवलं मला आठवत नाही, पण फार आनंदानं शिकवलं.

संध्याकाळी मी त्यांना चहा दिला, कप त्यांच्या हातात नीट बसवला, आणि धीर करून म्हटलं की नाना, आज तुम्ही फुली मारू नका म्हणालात. ते समजले. न समजायला ते काही भोळे नाहीत. चहा संपवून त्यांनी कप जमिनीवर चाचपडत ठेवला.

"तो व्याकरणाचा भाग होता, काजल," ते म्हणाले. "शुक्रवारी ते लोक तुला घ्यायला येतायत. तयारी ठेव."

मी तयारी ठेवली. यावर तू मला झापशील, झाप. पण मी भांडले नाही, रडलेही नाही. माझ्या अंगातलं सगळं कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं होतं. आई नानांच्या शब्दाविरुद्ध आजवर कधी काही बोललीच नाही, तिच्याकडून मी अपेक्षाही केली नाही. तिनं माझ्या साड्या धुतल्या, इस्त्रीला दिल्या, पिशवीत भरल्या. शुक्रवारी सकाळपासून स्वयंपाक मांडला. आमरस, पुरणपोळ्या, कुरडया. मी तिच्याकडे पाहत होते आणि माझ्या मनात आलं की हिला मी जड झाले असेन. एवढं पाप माझ्या मनात येऊन गेलं.

धीरज आणि त्याचे काका गाडी घेऊन आले. धीरज नानांच्या पाया पडला, नानांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. जेवणं झाली. काकांनी दोनदा रस मागून घेतला, पावसाच्या आणि केळीच्या भावाच्या गप्पा झाल्या. सगळं कसं रीतसर. धीरज माझ्याशी गोड बोलला, हात कसा आहे म्हणून विचारलं. मग काका म्हणाले की उन्हं उतरायच्या आत निघू, ओटी भरून घ्या. मी पाट मांडला आणि त्यावर बसले. सासरी निघालेल्या लेकीची ओटी तिच्या आईनं भरायची, त्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. गहू, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, हे सगळं घरात होतं, मीच वाण्याकडून आणलं होतं.

आई आतून आली ती रिकाम्या हातानं. आली आणि मधल्या दारात, उंबऱ्यावर बसली. नानांना दिसलं नाही, पण ताटाचा आवाज आला नाही हे त्यांना कळलं. ते म्हणाले, प्रमिला, ओटी आण. आई उठली नाही. ते पुन्हा म्हणाले. मग तिनं सांगितलं, आवाज न चढवता, जसं काही ती कुणाला पीठ संपलंय असं सांगतेय.

"मन्ही पोरनी ओटी आज मी भरस नही."

काकांना वाटलं काहीतरी मानपान राहिलाय, ते हसून म्हणाले की विहीणबाई, आमचं काही चुकलं का? नाना खाटेवरून उठायला गेले, काठी पडली, मी उचलून दिली. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मग काकांनीच तोड काढली. शेजारची एखादी सवाष्ण बोलवा, तिच्या हातानं भरू, चालतं तसं. सरलाबाईला हाक गेली. ती पदराला हात पुसत आली, पाटावर मला पाहिलं, उंबऱ्यावर आईला पाहिलं. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "घरमा माय बशेल शे, मी कशी भरू?" आणि परत जायच्या ऐवजी आईच्या शेजारी बसली. एका उंबऱ्यावर दोघी, खांद्याला खांदा लावून. आत-बाहेर जायला वाट राहिली नाही.

धीरज उठला. म्हणाला, ओटीबिटी काही नको, मी मानत नाही, काजल, चल गाडीत बस. तेव्हा त्याचा चेहरा शांत झाला होता. मला तो चेहरा माहीत आहे. मी पाटावरून उठलेसुद्धा, माझे पाय आपोआप उठले. पण अडवलं ते त्याच्याच काकांनी. रिकाम्या ओटीची सून घरात घेतली तर धीरजची आई दारातच बोंब मारेल, म्हणाले. पहिल्यांदा आली तेव्हा भरल्या ओटीनं आली, आता रिकामी नेली तर घराला लागेल, तिच्या कुशीला लागेल. धीरज त्यांच्याशी वाद घालायला लागला, पण काका जुने माणूस, हटले नाहीत. ज्या रिवाजानं मला पाटावर बसवलं होतं त्यानंच मला सोडवलं, आणि तेही सासरच्याच माणसाच्या तोंडून. गाडी गेली. नाना काठी टेकत गाडीपर्यंत गेले आणि ती कुठं उभी आहे हे नीट न कळल्यानं भलत्याच बाजूला तोंड करून त्यांनी हात जोडले. मला त्यांचा राग येतो, अस्मा, खूप येतो, पण तो येतो आणि मग ते असे उभे दिसतात.

त्या दिवसापासून नाना आईच्या हातचं खात नाहीत. तिच्याशी एक शब्द बोलत नाहीत. चहा स्टँडवरच्या हॉटेलातून मागवतात, जेवायला चुलत्यांकडे जातात, वाटेत ठेचकाळतात. आई रोज त्यांचं ताट वाढते, खाटेजवळ ठेवते, आणि निवल्यावर उचलून नेते. माझ्याशी ते बोलतात. म्हणतात, तुझ्यावर माझा राग नाही, तू अजाण आहेस. हे मला रागापेक्षा जास्त लागतं. त्यांनी निकालही सांगून टाकलाय. प्रमिलानं स्वतः धीरजच्या घरी जावं, विहिणीची माफी मागावी, आणि तिथं सगळ्यांसमोर माझी ओटी भरून मला तिथं ठेवून यावं. मग घर पहिल्यासारखं होईल. त्यांनी हे मला सांगितलं, आईला सांगायला. मी सांगितलं नाही. पण एवढ्याशा घरात काय लपतं?

दोन दिवसांनी आईनं नेसायची चांगली साडी काढली, ती जांभळ्या काठाची. केस विंचरले, पिशवी घेतली. मला वाटलं, निघाली. माझ्यासाठी, नानांच्या ताटासाठी, घरासाठी ही आता त्या बाईच्या पायावर डोकं ठेवणार. मी तिच्यापुढे आडवी झाले. म्हटलं, तू जाऊ नकोस, त्यापेक्षा मीच आपली जाते, बिनओटीची जाते. तिनं मला बाजूला केलं आणि गेली. मी दिवसभर दाराकडे डोळे लावून बसले. शिकवणीला पोरं आली, त्यांना मी परत पाठवलं. नाना खाटेवर होते, त्यांनाही तसंच वाटतंय हे मला दिसत होतं. त्यांनी बऱ्याच दिवसांनी पांढरा सदरा घातला होता.

आई दिवे लागायच्या आत आली. ती धीरजच्या गावाला गेलीच नव्हती. ती तुमच्या घरी, तुझ्या अम्मीकडे गेली होती. दोघी काय बोलल्या मला ठाऊक नाही. आई परत आली ती कागद आणि पेन घेऊन, माझ्यापुढे ठेवलं, आणि म्हणाली, "अस्माले कागद लिख." नानांनी सदरा काढून ठेवला आणि कूस बदलली.

आता लिहिते. तुझ्या शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवायला बाई हवी आहे, असं चाचीनं आईला सांगितलं. जागा भरली नसेल तर मी येते. मोठ्या बाईंना माझ्या हाताचं आधीच सांगून ठेव, म्हणजे फळ्यावरच्या अक्षरावरून बोलणं नको. मला भीती वाटते. धीरज तिथं येईल अशीही वाटते आणि कुणीच येणार नाही अशीही वाटते, पण मी येते. राहायचं म्हणशील तर तुझ्या खोलीत एक कोपरा मागावा असं माझ्या मनात होतं. काल आईला तसं म्हटलं. ती फडताळ आवरत होती. वळली नाही, तशीच पाठमोरी म्हणाली, "दोन जनीस्नी खोली सांग." मला वाटलं, ती तुझं आणि माझं बोलतेय. मग पाहिलं तर खाली तिची लोखंडी पेटी उघडी होती आणि त्यात तिची लुगडी होती. नानांच्या भाकरीचं सरलाबाईकडे सांगून झालंय. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होईल तेव्हा आई चार दिवस इथं येऊन राहील, हेही ठरलंय. मी विचारलं की नानांना सांगितलंस का? निघताना सांगेन म्हणाली. तेव्हा खोली बघशील ती तळमजल्यावरची बघ. आईला जिना चढवत नाही.

तुझीच,
काजल